बंद शटरचा महिना किती रुपयांना पडतो?

कापड, भांडी, सोने, मंडप या धंद्यांना परभणी जिल्ह्यात मोठे हंगाम दोनच. कापूस-सोयाबीनचा पैसा खेळू लागला की दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा एक, आणि लगीनसराईचा दुसरा. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी लगीनसराई नेमकी टाळेबंदीत सापडली. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देश बंद. एप्रिलच्या मध्यापर्यंत जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता, तरी गंगाखेडच्या कापड दुकानाचे आणि मानवतच्या भांडेवाल्याचे शटर मुंबई-पुण्याइतकेच खाली होते. पुढच्या वर्षी राज्यात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध ५ एप्रिलला लागले, परभणीत त्याच्याही आधी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कडक संचारबंदी होती. मग आदेश आला की लग्न २५ माणसांत आणि दोन तासांत उरका, नाहीतर ५० हजार रुपये दंड. २५ माणसांच्या लग्नात आहेराच्या साड्या किती खपणार, मांडव केवढा लागणार आणि बँडवाल्याला कोण बोलावणार?

दुकान बंद पडले की येणे थांबते, देणे थांबत नाही. त्या देण्यातले काय खरोखर माफ होते, काय नुसते पुढे सरकते, काय फुकट मिळत असताना लोक पैसे मोजून घेतात आणि कुठल्या पैशाला हात लावू नये, ते इथे आकड्यांसह मांडले आहे. करोनाची टाळेबंदी संपली. पण पुराने, संचारबंदीने किंवा मालकाच्याच मोठ्या आजारपणाने एकेका दुकानावर तशी वेळ आजही येते आणि हेच हिशेब लागतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. त्या दोन वर्षांत सरकारची आणि बँकांची मदत आली, पण ती गरज बघून आली नाही, कागद बघून आली. ज्याच्या नावावर कर्जखाते होते त्याला हप्त्याची सवलत आणि स्वस्त जादा कर्ज मिळाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. ज्यांच्याकडे कागद नव्हता ते सावकाराकडे गेले. आणि हा कागद बहुतेक वेळा फुकट किंवा शंभर रुपयांत मिळणारा होता, याचे मला जास्त वाईट वाटते.

आधी स्वतःचा आकडा काढा

समजा, गंगाखेडला भाड्याच्या गाळ्यात कापडाचे दुकान आहे, दोन नोकर आहेत आणि बँकेचे पाच लाखांचे कॅश क्रेडिट पूर्ण उचललेले आहे. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, त्या जागी आपापले घाला. गाळ्याचे भाडे ८,००० रुपये. नोकरांना प्रत्येकी ९,००० पगार. बंदच्या काळात अर्धा द्यायचा ठरला तर दोघांचे मिळून ९,०००. कॅश क्रेडिटवर ११ टक्क्यांनी महिन्याचे व्याज साधारण ४,६००. एकही दिवा लावला नाही तरी विजेचा स्थिर आकार वगैरे मिळून ५००. रिटर्न भरणाऱ्या करसल्लागाराचे १,०००. मोबाइल आणि किरकोळ ४००. बेरीज २३,५०० रुपये.

यात घर धरलेले नाही. छोट्या दुकानाचा गल्ला आणि घराचा डबा एकच असतो, तेव्हा घर वगळून केलेला हिशेब खोटा ठरतो. किराणा, दूध, आई-वडिलांची औषधे, मुलांची फी मिळून १५,००० धरा. बंद महिना पडला ३८,५०० रुपयांना आणि चार महिने १,५४,००० रुपयांना. २०२० मध्ये मार्चअखेर बंद झालेल्या अनेक दुकानांचा धंदा दिवाळीपर्यंत रुळावर नव्हता, म्हणून चार महिन्यांच्या खाली तरतूद करू नये असे मला वाटते.

दीड लाख एकदम बाजूला पडत नाही. गल्ल्यातून रोज २०० रुपये वेगळे काढले तर साधारण २६ महिने लागतात. दिवाळीत आणि लगीनसराईत जास्त टाकले तर दीड वर्षात जमते. प्रश्न आहे तो ठेवायचे कुठे. मालात घालू नका; संकटात माल पैशात वळत नाही. लग्नाचे शालू घडी न मोडता चार-सहा महिने एका कपाटात पडले की घडीच्या रेघेवरचा रंग उतरतो आणि गिऱ्हाईक ती रेघच आधी बघते. भिशीतही ठेवू नका. टाळेबंदीत सभासदांनी पैसे भरणे बंद केले आणि ज्यांचा नंबर लागायचा होता ते अडकले.

निम्मी रक्कम कॅश क्रेडिटच्या खात्यातच भरून ठेवावी. तेवढ्यावरचे ११ टक्के व्याज वाचते, म्हणजे मुदत ठेवीपेक्षा फायदा जास्त. पण सगळी तिथे नको. नूतनीकरणाच्या वेळी बँकेने मर्यादा कमी केली तर ऐनवेळी उचल मिळत नाही. उरलेली निम्मी दुसऱ्या बँकेत मुदत ठेवीत असावी.

भाडे, वीज, पगार

सरकारने टाळेबंदी लावली म्हणजे भाडे आपोआप माफ होते, हा समज त्या वेळी पुष्कळ दुकानदारांचा झाला होता. तसे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्येच एका दुकानाच्या प्रकरणात सांगितले की करारात तशी तरतूद नसेल आणि भाडेकरू जागा सोडत नसेल, तर भाडे थांबत नाही. फार तर भरण्याला थोडी मुदत मिळते. तेव्हा मार्ग बोलणीचाच. गाळेमालकाकडे पहिल्याच महिन्यात जा, तीन महिने थकल्यावर नव्हे. अर्धे भाडे आता, उरलेले अमुक महिन्यापासून हप्त्याने, असे ठरवा आणि साध्या कागदावर तारीख घालून दोघांनी सही करा. मालक ओळखीचा, गावातला, म्हणून लिहायचा संकोच वाटतो. पुढे त्याचा मुलगा व्यवहार बघू लागला की तोंडी बोलण्याला साक्षीदार उरत नाही.

करार मुळातच नोंदवलेला असावा. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का लागते (बिनव्याजी अनामत असेल तर तिच्यावर दरसाल १० टक्के धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात), आणि नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. महिना ८,००० रुपये भाड्याच्या तीन वर्षांच्या करारावर मुद्रांक अवघा ७२० रुपये होतो. त्यात एक कलम घालून घ्या: सरकारी आदेशाने दुकान सलग १५ दिवसांपेक्षा जास्त बंद राहिले तर त्या काळाचे भाडे अर्धे. मालक मान्य करील न करील, पण मागायला काही पडत नाही.

विजेच्या बाबतीत २०२० च्या उन्हाळ्यात मोठा गोंधळ झाला. मीटरचे वाचन बंद होते, बिले सरासरीने आली आणि जूनमध्ये साचलेल्या युनिटचा हिशेब एकत्र आला. वीज नियामक आयोगाने व्यापारी ग्राहकांचा स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला होता. पुढे ढकलला, सोडून दिला नाही. शटर लावायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला महावितरणच्या अ‍ॅपवर वाचन स्वतः पाठवा. बिलाचा वाद त्या एका फोटोवर मिटतो.

नोकरांच्या पगाराबद्दल केंद्राने २९ मार्च २०२० ला काढलेला आदेश पूर्ण पगार द्या असे सांगत होता. तो मे महिन्यात मागे घेतला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवावे असे सांगितले. छोट्या गावात दहा वर्षे काउंटरवर उभा असलेला माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीची गिऱ्हाइकेही जातात. अर्धा पगार आणि किराणा, हा त्या काळात अनेकांनी काढलेला मार्ग मला माणुसकीचा आणि धंद्याच्याही हिताचा वाटतो. जे दिले ते वहीत मांडा आणि सही घ्या.

किरकोळ वाटणारा एक खर्च २०२१ मध्ये अंगावर आला. दुकान उघडायचे तर मालक-नोकरांनी लस घ्यावी किंवा १५ दिवसांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल जवळ ठेवावा, असा नियम झाला. खासगी प्रयोगशाळेचा सरकारने ठरवलेला दर तेव्हा ५०० रुपये होता, घरी येऊन नमुना घेतला तर ८००. तीन माणसांची महिन्यातून दोनदा तपासणी म्हणजे कमीत कमी ३,००० रुपये. सरकारी केंद्रावर हीच तपासणी मोफत होती. फक्त रांग होती.

हप्ता पुढे ढकलला, म्हणजे काय झाले

रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते न भरण्याची सवलत दिली. पुष्कळांनी ती सहा हप्ते माफ झाले अशीच ऐकली. प्रत्यक्षात काय झाले ते तीन लाखांच्या कर्जावर बघा.

व्याज १२ टक्के, ३६ हप्ते, हप्ता ९,९६४ रुपये. अगदी सुरुवातीलाच सहा महिने थांबलात तर दर महिन्याचे व्याज मुद्दलात मिळत गेले आणि मुद्दल ३,१८,४५६ झाले. हप्ता तेवढाच ठेवला तर आता ३६ ऐवजी जवळपास ३९ हप्ते लागतात आणि खिशातून सुमारे २७,००० रुपये जास्त जातात. नंतर सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ‘व्याजावरचे व्याज’ परत दिले, त्याच्या बातम्या मोठ्या आल्या. आपल्या उदाहरणात ती रक्कम ४५६ रुपये होते.

कॅश क्रेडिटवाल्यांची गत वेगळी झाली. सहा महिन्यांचे थांबवलेले व्याज पाच लाखांवर जवळपास २८,००० होते, ते मुदत कर्जात वळवून ३१ मार्च २०२१ पर्यंत फेडायचे होते. त्याच सुमारास दुसरी लाट आली.

म्हणून सवलत मिळाली तरी ती घेण्याआधी हातात काय आहे ते बघा. हप्ता भरण्याइतके पैसे असतील तर भरत राहा. निम्मे असतील तर बँकेला लेखी कळवून निदान व्याजापुरते भरा, म्हणजे मुद्दल वाढत नाही. काहीच नसेल तेव्हाच पूर्ण थांबा, आणि सवलतीचा अर्ज लेखी द्या. न सांगता हप्ता चुकवला तर दंड लागतो आणि सिबिलचा गुणांक पडतो. पुढचे कर्ज त्यावर अडते.

पैसा आणायचाच तर कुठून

याच ठिकाणी दुकान तरते किंवा बुडते, म्हणून एक लाख रुपयांना महिन्याला काय पडते ते बघू.

आपत्कालीन पतहमी योजना, बँकवाले जिला ‘ईसीएलजीएस’ म्हणतात, मे २०२० मध्ये आली. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढे कर्ज बाकी होते त्याच्या २० टक्के जादा रक्कम, नवे तारण नाही, प्रक्रिया शुल्क नाही, बँकेचा व्याजदर जास्तीत जास्त ९.२५ टक्के, मुदत चार वर्षे आणि पहिले वर्षभर फक्त व्याज. पाच लाख बाकी असलेल्या आपल्या कापड दुकानदाराला लाखभर मिळाले. पहिल्या वर्षी महिन्याला ७७१ रुपये आणि मग ३६ महिने सुमारे ३,१९२ रुपये. ही योजना ३१ मार्च २०२३ ला संपली, पण पुन्हा संकट आले तर मदतीचा साचा असाच असण्याची शक्यता दाट आहे: ज्याचे खाते आहे आणि नियमित आहे, त्याच्यासाठी.

त्याखालोखाल सोने. बँकेत १० टक्क्यांनी लाखाला महिना ८३३ रुपये. ऑगस्ट २०२० ते मार्च २०२१ या काळात रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली होती. जास्त मिळते म्हणून जास्त उचलू नका. भाव पडला तर बँक वरची रक्कम मागते. दागिना मोडण्यापेक्षा गहाण बरा, पण फक्त जेव्हा पुढचा हंगाम डोळ्यासमोर आहे तेव्हा.

मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते आणि तारण द्यावे लागत नाही. शाखेत “तारण आणा” असे तोंडी सांगितले तर लेखी मागा. सूक्ष्म उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचे नाही, हा रिझर्व्ह बँकेचा जुना दंडक आहे.

घरी येऊन महिलांचा गट करून कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचा दर साधारण २० ते २६ टक्के पडतो. पैसा दोन दिवसांत मिळतो, ही त्यांची ओढ. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नकोत, हे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातले आहे. उत्पन्न फुगवून लिहू देऊ नका.

आणि सावकार. आपल्याकडे दर शेकड्यावर महिन्याने बोलतात. “तीन रुपये शेकडा” ऐकायला हलके वाटते. ते वर्षाला ३६ टक्के आहेत. पाच रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ६०. लाखाला महिन्याला ५,००० रुपये नुसते व्याज, जिथे सरकारी हमीच्या कर्जाला ७७१ होते. वीस महिन्यांत लाख फिटतात आणि मुद्दल तसेच उभे राहते. कायद्याने परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून तारणी कर्जावर वर्षाला १५ आणि बिनतारणी कर्जावर १८ टक्केच घेता येतात. परवाना नसताना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. व्याजापोटी प्लॉटचे किंवा गाळ्याचे खरेदीखत करून घेतले असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात, अर्ज करता येतो आणि मालमत्ता परत मिळण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. कोऱ्या धनादेशावर आणि कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका, गळ्यापर्यंत आले तरी.

हातगाडीवाल्याचे दहा हजार

१ जून २०२० ला पीएम स्वनिधी योजना आली. पथविक्रेत्याला दहा हजार रुपये, बारा हप्ते, वेळेवर फेडले तर व्याजात ७ टक्के अनुदान आणि डिजिटल व्यवहारांवर वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत परतावा. बँकेने १२ टक्के लावले तर हप्ता ८८८ रुपये. अनुदान सुमारे ४०० रुपये आणि परतावा पूर्ण मिळवला तर वर्षाच्या व्याजापेक्षा जास्त पैसे परत येतात. म्हणजे हे पैसे फुकटच्याहून स्वस्त पडले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिले कर्ज १५,०००, दुसरे २५,०००, तिसरे ५०,००० असे केले.

योजना शहरांसाठी आहे. परभणी महापालिका आणि सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा अशा पालिकांच्या हद्दीत गाडा लावणाऱ्याला ती मिळाली. बोरी, झरी, चारठाणा असे आठवडी बाजार करत फिरणारा बांगडीवाला मात्र कडेला राहिला, आणि आठवडी बाजार तर सगळ्यांत शेवटी उघडले. अशा माणसाने पालिकेच्या हद्दीत आठवड्यातून काही दिवस बसत असेल तर पालिकेकडून शिफारसपत्र मागावे. खेड्यातून येऊन शहरात विकणाऱ्याला त्या पत्रावर कर्ज मिळू शकते. अर्जाला शुल्क नाही.

खानावळवाल्यांना त्या काळात शिवभोजन केंद्राने हात दिला. थाळीमागे शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरले होते. गिऱ्हाइकाने आधी दहा, मग पाच रुपये द्यायचे आणि उरलेले सरकारने. रोज शंभर थाळ्यांचे केंद्र म्हणजे शहरात दिवसाला ५,००० रुपयांचा धंदा. सरकारी बिल उशिरा येते, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांचा किराणा स्वतःच्या पैशाने भरायची तयारी असेल तरच अशा कामात उतरावे.

कागद: जवळपास फुकट

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. आधार आणि पॅन एवढ्यावर होते, कागद चढवावे लागत नाहीत, शुल्क शून्य. सरकारी असल्याचा आव आणणारी संकेतस्थळे यासाठी हजार-दोन हजार उकळतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते बघा. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून यात घेतले, ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरते. जीएसटी, पॅन नसलेल्या अगदी छोट्यांसाठी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ आहे, तेही मोफत.

शॉप अ‍ॅक्टखाली नोकर दहाच्या आत असतील तर परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. पापड, मसाले, खानावळ, चहाचा गाडा यांना अन्न नोंदणी लागते. महामारीच्या काळात १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते.

जीएसटी असेल तर दुकान बंद असतानाही शून्य उलाढालीचे रिटर्न भरावेच लागते. उशीर झाला तर ‘जीएसटीआर-३बी’ या रिटर्नला दिवसाला २० रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००. एक रिटर्न दोन महिने विसरलात की ५०० रुपये काहीही न विकता गेले. जून २०२० पासून असे शून्य रिटर्न १४४०९ वर एसएमएस पाठवूनही भरता येते.

क्यूआर कोडवर येणाऱ्या पैशाला दुकानदाराला काही पडत नाही. २०२० च्या जानेवारीपासून यूपीआयवर दुकानदाराचा व्यवहार आकार शून्य आहे. खर्च फक्त बोलणाऱ्या डब्याच्या भाड्याचा, महिना शंभर-सव्वाशे. याचा खरा उपयोग असा की खात्यावर धंदा दिसतो, आणि कर्ज मागताना तोच पुरावा होतो.

उधारी

मराठवाड्यातल्या दुकानाचे खरे भांडवल वहीत अडकलेले असते. खातेवहीचे पान उघडा: नाव, गाव, रक्कम, आणि तारखेच्या जागी ‘कापूस गेल्यावर’. २०२० च्या मार्चमध्ये कापसाची सरकारी खरेदी थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा नोंदणी, नंबर आणि जिनिंगबाहेर गाड्यांच्या रांगा. पावसाळा तोंडावर आला तरी अनेकांचा कापूस घरात होता. म्हणजे दुकानदाराचा पैसाही त्याच घरात होता. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने सोयाबीन नासले आणि ‘सोयाबीनवर देतो’ हा दुसरा वायदाही गेला.

शेतकऱ्याला उधारी न देता इथे दुकान चालत नाही, हे मान्य. पण तिची किंमत मोजा. दोन लाखांची उधारी वर्षभर राहिली आणि तेवढाच पैसा तुम्ही कॅश क्रेडिटमधून ११ टक्क्यांनी उचललेला असेल, तर ती उधारी २२,००० रुपयांना पडली. भावात ती धरलेली नसते.

कायद्याने मुदत न ठरवता दिलेल्या मालाची उधारी माल दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षांत वसुलीला न्यावी लागते. त्या तीन वर्षांच्या आत गिऱ्हाइकाने “एवढी बाकी मान्य” असे लिहून सही केली तर तिथून नवी तीन वर्षे सुरू होतात. म्हणून दर पाडव्याला खाते बंद करताना बाकीखाली सही घ्यावी. माणसावर अविश्वास म्हणून नाही. तो किंवा तुम्ही उद्या नसलात तर दोन्ही घरांना आकडा एकच माहीत असावा म्हणून. संकटात वसुलीला गेलात तर पूर्ण रकमेचा हट्ट धरू नका. निम्मी आता देणाऱ्याला थोडी सूट द्या. हातात आलेले एक लाख सावकाराचे महिन्याचे ५,००० वाचवतात.

जे स्वतः माल बनवतात, मसाले, पिशव्या, लोखंडी अवजारे, त्यांना आणखी एक हक्क आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. माल द्यायच्या आधी नोंदणी झालेली हवी. निव्वळ व्यापाऱ्याला हा हक्क नाही.

मालकच आजारी पडला तर

सगळ्यात महाग हेच. राज्याने खासगी रुग्णालयांचे दर बांधले होते. मे २०२० मध्ये साध्या विलगीकरण खाटेला दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला ९,०००. जून २०२१ पासून लहान शहरांच्या क गटात हेच २,४०० आणि ५,४०० झाले. औषधे आणि काही तपासण्या वेगळ्या. अतिदक्षता विभागातले दहा दिवस औषधे धरून चार महिन्यांची बहुतेक तरतूद खाऊन टाकू शकत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. कार्ड मोफत निघते, ते आजार नसतानाच काढून ठेवा.

दुकानाचा विमा असेल तर आग, पूर, चोरी यांची भरपाई मिळते. टाळेबंदीने शटर बंद राहिल्याची मिळत नाही. एजंट काही म्हणाला तरी पॉलिसी वाचा.

जीवन ज्योती विम्याचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. वय ५० पर्यंत घेता येतो. अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपये. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे, पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. महामारीत अनेक घरांना मृत्यूनंतर कळले की मे अखेरीस खात्यात शिल्लक नव्हती म्हणून विमा बंद पडला होता. मेमध्ये खात्यात ५०० रुपये राहतील हे पाहा, आणि पासबुकावर वारसाचे नाव आहे का तेही आजच बघा.

बँकेने अर्ज घेतला नाही किंवा विनाकारण अडवला, तर शाखेतून पोच घेतल्याशिवाय निघू नका. आधी शाखा व्यवस्थापक, मग परभणीतला जिल्हा अग्रणी बँकेचा व्यवस्थापक. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकील लागत नाही, शुल्क लागत नाही. पोचपावतीवरची तारीख मात्र लागते.